गोधडी पहिल्याच धुण्यात आटते, फुगते : आतलं बॅटिंग आधी धुवावं का?

गोधडी शिवून होते, कडेला गोट लागतो, चार दिवस ती पलंगावर कशी सपाट आणि नेटकी बसलेली असते. मग पहिलं धुणं होतं. दोरीवरून काढताना दिसतं की टाक्या-टाक्यांमधलं कापड फुगून वर आलंय, कडा लाटांसारख्या झाल्यात आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारी गोधडी आता जेमतेम काठापर्यंत पोचतेय. इतक्या महिन्यांचं काम असं डोळ्यांसमोर चुरमडलेलं बघून जीव तुटतो. अशा वेळी बहुतेक जणी एकच निष्कर्ष काढतात, की आतलं बॅटिंग, म्हणजे ऊबेसाठी दोन कापडांच्या मध्ये घालतात तो तंतूंचा जाडसर थर, आधी धुवायला हवं होतं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. बॅटिंग धुवायची गरज फार थोड्या वेळा पडते. जेव्हा पडते तेव्हा ते फक्त भिजवायचं असतं, मशीनमध्ये सुटं कधीच घालायचं नसतं. पण वरचं कापड, आतलं बॅटिंग आणि मागचं अस्तर यांतलं कोण किती आटणार हे कात्री लावायच्या आधी माहीत असलंच पाहिजे. तिघांचं आटणं जुळलं तर काहीच न धुता शिवलेली गोधडीही छान राहते. ते जुळलं नाही तर एकटं बॅटिंग धुऊन काही उपयोग होत नाही.

जुन्या गोधडीला हा त्रास का नव्हता

माझ्या आजीच्या गोधड्यांत बॅटिंग हा प्रकारच नव्हता. वर एक बऱ्यापैकी धड लुगडं, खाली एक, आणि पोटात विरलेली धोतरं, परकर, जुन्या चादरींचे तुकडे. नवरात्रात घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जायचं. भिजलेली गोधडी इतकी जड व्हायची की दोघींनी दोन टोकं धरून पीळ द्यावा लागायचा. दगडावर आपटून, खडकावर पसरून, उन्हात कडक वाळवून संध्याकाळी ती घरी यायची, तेव्हा सकाळी होती तेवढीच लांब-रुंद असायची. आजीचे टाके बारीक होते हे खरंच, पण खरी गंमत कापडात होती. नऊवारी लुगडं गोधडीत जायच्या आधी कितीतरी वर्षं अंगावर आणि दगडावर काढून आलेलं असायचं. त्याला आटायचं ते केव्हाच आटून झालेलं, रंग जायचा तेवढा गेलेला, खळ तर पहिल्या काही धुण्यांतच उतरलेली. वरपासून खालपर्यंत सगळे थर धुवट. त्यामुळे पाण्यात पडल्यावर कुणी कुणाला ओढत नव्हतं.

आता आपण जी गोधडी शिवतो तिच्यात वर आईची जुनी साडी असते, आत दुकानातून आणलेलं बॅटिंग आणि मागे मीटरवर घेतलेलं कोरं मांजरपाट किंवा पॉपलिन. एक थर वीस वर्षांचा, दुसरा कालचा, तिसरा अजून पाणीसुद्धा न पाहिलेला. हे तिघे पहिल्यांदा एकत्र भिजतात ते एकमेकांना टाक्यांनी बांधलेले असताना.

आटतं म्हणजे नेमकं काय होतं

मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ओढून बसवलेले असतात. पुढे खळ, इस्त्री, तागा गुंडाळणं, या प्रत्येक टप्प्यावर कापड लांबीत ओढलेलंच राहतं. पाण्यात पडलं की सुती धागा पाणी पिऊन जाड होतो. जाड झालेल्या आडव्या धाग्यांना वळसा घालायला उभ्या धाग्याला जास्त लांबी लागते आणि ती कापडाच्या लांबीतूनच जाते. म्हणून कोरं कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं. पूर्वी चांगल्या कापडाच्या काठावर ‘सॅनफोराइज्ड’ असा छाप असायचा. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन माणसाने काढलेल्या पद्धतीचं ते नाव. त्यात कापड कारखान्यातच लांबीच्या बाजूने दाबून आटवून घेतात. शर्टाच्या चांगल्या कापडावर अशी प्रक्रिया झालेली असते. अस्तराला म्हणून आपण जे स्वस्त कोरं कापड घेतो, त्यावर सहसा ती नसते.

बॅटिंगची गोष्ट वेगळी, कारण ते विणलेलंच नसतं. कापूस पिंजून त्याचा जाळीसारखा पातळ पापुद्रा काढतात, असे अनेक पापुद्रे एकावर एक रचतात आणि बारीक काटे असलेल्या सुयांची पाटी त्यातून पुन:पुन्हा खालीवर करतात. सुयांचे काटे वरचे तंतू खाली ओढून नेतात आणि एकमेकांत गुंतवतात. त्या गुंतण्यावरच सगळं शीट उभं असतं. काही शीटमध्ये आधाराला कृत्रिम धाग्याचा जाळीदार पापुद्रा असतो, काहींत नसतो. भिजल्यावर हे तंतू सैल होऊन एकमेकांच्या जवळ सरकतात, म्हणून शीट लहान होतं. निव्वळ सुती बॅटिंग साधारण ३ ते ५ टक्के आटतं.

३ ते ५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब गोधडीत ५ टक्के म्हणजे रुंदीत ३ इंच आणि लांबीत साडेचार इंच. वरची साडी आधीच आटून झालेली असेल तर ती आणखी लहान होणार नाही. मग तिचं साडेचार इंच जास्तीचं कापड जाणार कुठे? टाक्यांच्या मधल्या जागेत फुगून वर येणार.

आता हेच कुणाला हवंही असतं. अमेरिकेत क्विल्ट शिवणाऱ्या कितीतरी जणी मुद्दाम बॅटिंग न धुता वापरतात, कारण पहिल्या धुण्यानंतर येणाऱ्या मऊ सुरकुत्यांमुळे नवी क्विल्ट जुन्या, वापरलेल्या क्विल्टसारखी दिसते. तुम्हाला तसं रूप आवडत असेल तर बॅटिंग भिजवूच नका. सगळीकडे सारखी सुरकुती येणं हा दोष नाही. कडा वाकणं, एका बाजूला घुमट येणं, गोळे होणं हे दोष.

बाळाचं दुपटं

हा हिशोब मला नीट कळला तो एका दुपट्यामुळे. माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या बाळासाठी ३६ × ४५ इंचांचं दुपटं शिवून पाठवलं. वर माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे बाळाच्या आजीची, मऊ झालेली सुती साडी. मागे दोनदा धुतलेलं मलमल. आत सुती बॅटिंग, न भिजवलेलं, कारण इथे मी त्याच गठ्ठ्यातल्या तुकड्यावर करून पाहिलं होतं आणि बादलीत भिजवून दोरीवर वाळवल्यावर तो जवळजवळ होता तसाच राहिला होता.

महिन्याभराने भाचीचा व्हिडिओ कॉल आला. “अगं मावशी, हे बघ ना, सगळं अक्रोडासारखं झालंय!” मी तिला टेप घ्यायला सांगितली. ३६ ची बाजू ३४ भरली आणि ४५ ची साडेबेचाळीस. तिने गरम पाण्याच्या धुण्यात घातलं होतं आणि मग तासभर गरम हवेने कपडे वाळवणाऱ्या ड्रायरमध्ये. तिच्या घरी सगळे कपडे असेच धुतले जातात, त्यात तिची काही चूक नाही. चाचणी मी माझ्या घरच्या धुण्याची केली होती आणि दुपटं धुतलं जाणार होतं तिच्या घरी.

बॅटिंगच्या वेष्टनावर आटण्याचा जो आकडा असतो, तो सहसा मशीनमध्ये धुऊन ड्रायरमध्ये वाळवल्यानंतरचा असतो. आपल्याकडे गार पाण्यात धुऊन उन्हात वाळवलं तर पहिल्या खेपेला तेवढं आटत नाही. पण उरलेलं आटणं आत शिल्लक राहतं आणि पुढे कधीतरी गरम पाणी लागलं, गोधडी लाँड्रीत गेली, की निघतं. तेव्हापासून कुणासाठीही शिवायला घेतलं की मी आधी विचारते, “तुमच्याकडे धुणं कसं होतं?” पुण्यात राहणारीला आणि न्यू जर्सीत राहणारीला एकाच पद्धतीने तयार केलेलं बॅटिंग चालत नाही. ड्रायरमध्ये जाणाऱ्या गोधडीचं सुती बॅटिंग मी आता गरम पाण्यात भिजवून घेते, वरची साडी जुनी असेल तर नक्कीच.

चूक कुठल्या थराची, हे कसं ओळखायचं

गोधडी पूर्ण वाळू द्या. मग फरशीवर, चटईशिवाय, वरची बाजू वर करून पसरा आणि हाताने ताणू नका. ती आपणहून कशी पडते ते बघायचं आहे.

कडा मागच्या बाजूला वळत असतील आणि मधला भाग पालथ्या परातीसारखा वर आला असेल, तर मागचं कापड आटलंय. माझ्याकडे ‘बॅटिंगने घात केला’ म्हणून ज्या गोधड्या आल्या, त्यांतल्या बऱ्याचशा अशाच निघाल्या. वर जुनी साडी आणि मागे कोरं मांजरपाट, ही जोडी सगळ्यात जास्त त्रास देते. बॅटिंग बिचारं मध्ये असतं, त्याला दोन्हीकडून ओढलं जातं. उलट, कडा वरच्या बाजूला वळत असतील तर वरचे तुकडे न धुता जोडले होते असं समजा. एकदा मागची आणि वरची बाजू दोन्ही टेपने मोजा. कडेपासून कडेपर्यंत टेप कापडावरून फिरवायची, फुगवट्यांवरून चढवत-उतरवत. जी बाजू कमी भरेल ती आटलेली.

दोन्ही बाजू सारख्याच फुगल्या असतील, टाक्यांची ओळ खोल गेलेली आणि मधला भाग दोन्हीकडून उशीसारखा, तर आतलं बॅटिंग आटलंय. हा एकच प्रकार असा आहे जिथे ‘आधी भिजवायला हवं होतं’ हे म्हणणं खरं ठरतं.

चुण्या फक्त टाक्यांच्या ओळीला लागून बारीक बारीक आल्या असतील आणि ओळींच्या मधलं कापड सपाट असेल, तर आटण्याचा काही संबंध नाही, दोरा ओढला गेलाय. हाताने धावदोरा घालताना सुईवर पाच-सहा टाके घेऊन आपण दोरा ओढतो, तेव्हा शेवटचा झटका जरा जास्त बसतो. प्रत्येक ओढीनंतर डाव्या हाताचा अंगठा टाक्यांवरून उलट दिशेने एकदा फिरवा, दोरा आपोआप सैल बसतो. मशीनवर पॉलिएस्टरचा दोरा कडक ताणावर लावला तरी हेच होतं. तो शिवताना लांबतो आणि नंतर आपल्या मूळ लांबीवर येतो. अशा चुण्या नीट पाहिलं तर धुण्याआधीही असतात. फक्त खळ असलेल्या ताठ कापडात त्या लपतात, खळ गेली की उघड्या पडतात.

मग गोधडी खिडकीत उजेडासमोर धरा. आत कुठे काळपट गोळे आणि शेजारी रिकामी पारदर्शक जागा दिसली, तर बॅटिंग तुटलंय. एक तर टाक्यांच्या ओळी फार लांब लांब आहेत किंवा बॅटिंग शिवण्यापूर्वीच मशीनमध्ये फिरवलं गेलंय. दुसरी शक्यता मी प्रत्यक्ष पाहिली आहे. एका विद्यार्थिनीने कुठेतरी ऐकून बॅटिंग मशीनमध्ये नाजूक कपड्यांच्या धुण्याला लावलं. बाहेर आलं ते दोन मोठे पिळे आणि मशीनच्या जाळीत अडकलेला मूठभर कापूस. तिने ते पिळे हाताने सोडवून, पसरून, जमेल तसं सपाट केलं आणि शिवलं. वरून काही कळत नव्हतं. पहिल्या धुण्यानंतर कोपऱ्यात नुसती साडी आणि अस्तर राहिलं, मध्ये मुठीएवढे गोळे. सुयांनी गुंतवलेले तंतू पाण्यात घुसळले की ते गुंतणंच सुटतं. नंतर टाके कितीही दाट घातले तरी ते परत येत नाही.

कापडातून पांढरे केस बाहेर आलेले दिसत असतील, तर तो बहुतेक पॉलिएस्टर शीटचा गुण. गुळगुळीत तंतू विरळ विणीतून बाहेर सरकतात आणि गडद कापडावर लगेच डोळ्यांत भरतात. ते ओढून काढू नका, एक ओढला की मागोमाग दुसरा येतो. मागच्या बाजूने कापड चिमटीत धरून हलवलं की बरेचसे आत जातात. पुढच्या वेळी दाट विणीचं कापड आणि बारीक सुई घ्या.

बॅटिंग कुठलं, त्यावर काय करायचं

सुती बॅटिंग दोन रंगांत मिळतं. पांढरं म्हणजे ब्लीच केलेलं. दुधाळ-पिवळसर असतं त्यात सरकीच्या सालीचे बारीक तपकिरी ठिपके दिसतात आणि कापसाचं नैसर्गिक मेणही शिल्लक असतं. पांढऱ्या किंवा फिक्या साडीखाली असं शीट घातलं तर ठिपके वरून दिसतात आणि कधीकधी भिजल्यावर त्यांचा पिवळट डाग वर उतरतो. फिकं दुपटं करायचं असेल तर असं शीट भिजवून घ्या. पाणी चहासारखं तपकिरी होतं, तेव्हा कळतं की ते कापडावर उतरलं असतं. ठळक ठिपके चिमट्याने काढून टाका.

सुती आणि पॉलिएस्टरचं मिश्रण, त्यात बहुधा ८० टक्के कापूस असतो, ते थोडं कमी आटतं. मी नव्याने शिकणाऱ्यांना हेच घ्यायला सांगते आणि ते भिजवायला सांगत नाही.

शिवणसाहित्याच्या दुकानात ‘फायबर शीट’ म्हणून मिळतं ते निव्वळ पॉलिएस्टर. नेहमीच्या धुण्यात ते आटत नाही, त्यामुळे धुण्यात काही अर्थ नाही. त्याची काळजी वेगळीच घ्यावी लागते. गरम इस्त्री लागली की ते वितळून चपटं, कडक होतं. वर पॉलिएस्टर जॉर्जेट किंवा टेरिकॉटची साडी असेल, जी स्वतः जवळजवळ आटतच नाही, तिथे मात्र हे शीट शोभतं. अशा साडीखाली न भिजवलेलं सुती बॅटिंग घातलं तर ती हमखास फुगणार.

लोकरीचं बॅटिंग आपल्याकडे क्वचित दिसतं, परदेशातल्या मैत्रिणी वापरतात. घोंगडी ज्यांच्या घरात होती त्यांना हे समजावून सांगायला नको. गरम पाणी आणि चोळणं, दोन्ही एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून नमदा होतो आणि मग तो सुटत नाही. लोकर आधी भिजवूच नका. गोधडी झाल्यावरही गार पाण्यात, दाबून दाबून धुवा.

आणि पिंजाऱ्याकडून आणलेला सुटा कापूस? तो धुवायचा प्रश्नच येत नाही, ना आधी ना नंतर. त्याची रजई होते. तिला वरून खोळ घालायची, खोळ धुवायची आणि रजईला ऊन दाखवायचं. दोन-चार वर्षांनी कापूस बसला की उसवून पुन्हा पिंजून घ्यायचा. आपल्याकडे ही रीत पडली, कारण सुटा कापूस पाण्यात टिकत नाही.

बॅटिंगच्या ऐवजी पोटात जुनी सुती चादर घालणाऱ्या खूप जणी आहेत आणि मला ते मनापासून आवडतं. आपल्या हवेला तेवढी ऊब पुरते आणि चादर धुवट असते. पण नवीन फ्लॅनेल घालणार असाल तर सावध राहा. फ्लॅनेल बॅटिंगपेक्षाही जास्त आटतं, ते दोनदा गरम पाण्यातून काढल्याशिवाय आत घालू नका. ते विणलेलं असल्यामुळे बिनधास्त मशीनमध्ये धुता येतं.

टाक्यांच्या अंतराचं एक सांगायचं राहिलं. प्रत्येक बॅटिंगच्या वेष्टनावर दोन ओळींमधलं जास्तीत जास्त अंतर दिलेलं असतं. जाळीचा आधार असलेल्या सुती शीटला ८-१० इंचही चालतात, बिनआधाराच्या शीटला त्याच्या निम्म्याहून कमी. सुटं आणलं असेल, वेष्टन नसेल, तर चार बोटांपेक्षा लांब जाऊ नका. माझं मत विचाराल तर कुठल्याच गोधडीत जाऊ नका, आपल्याकडची धावदोऱ्याची गोधडी टिकते ती त्याच्या दाटपणावर.

भिजवायचंच असेल तर असं भिजवा

एक जुनी चादर पसरा, त्यावर बॅटिंग ठेवा आणि दोन्ही मिळून सैल गुंडाळी करा. मोठ्या टबात हाताला सोसेल इतकं गरम पाणी घ्या, साबण नको. गुंडाळी पाण्यावर ठेवा आणि तळव्याने हळूहळू दाबत खाली न्या. सुती बॅटिंग सुरुवातीला तरंगतं, त्यातलं मेण पाणी आत जाऊ देत नाही. बुडबुडे यायचे थांबले की भिजलं. वीस मिनिटं तसंच राहू द्या. ढवळायचं नाही, पिळायचं नाही, उलटंपालटं करायचं नाही.

उचलताना चादरीला धरून उचला, बॅटिंगला नाही. ओल्या बॅटिंगचं वजन त्याला स्वतःला पेलत नाही, हातात धरलेल्या जागी ते लगेच विरळ होतं. चादरीसकट मोरीत ठेवून दाबून पाणी काढा. ज्यांच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे त्यांनी ही गुंडाळी तशीच ड्रायरच्या डब्यात मिनिटभर फिरवली तरी चालते, त्यात नुसतं पाणी निथळतं, घुसळण होत नाही. नंतर गच्चीवर किंवा खाटेवर दुसऱ्या कोरड्या चादरीवर आडवं पसरा. दोरीवर टाकलं की दोरीच्या रेषेवर ते फाटायलाच लागतं. वर आणखी एक पातळ ओढणी घाला, म्हणजे वाऱ्याने कोपरे उडत नाहीत आणि कबुतरं बसत नाहीत. अर्ध्या दिवसाने चादरीसकट पालथं करा. पावसाळ्यात हे काम काढू नका, आत दमट राहिलेल्या कापसाला वास लागतो.

आधी चाचणी

हे सगळं करायचं की नाही, ते एका संध्याकाळच्या चाचणीत ठरतं. वरचं कापड, बॅटिंग आणि अस्तर, तिघांचे २५ सेंटिमीटरचे चौकोन कापा. प्रत्येकावर आत २० सेंटिमीटरचा चौकोन रंगीत दोऱ्याने टाके घालून आखा, पेन धुण्यात पुसलं जातं. लांबीच्या दिशेला बाणाची खूण करा. बॅटिंगचा तुकडा पातळ मलमलच्या दोन तुकड्यांमध्ये सैल टाचा, नाहीतर पाण्यात त्याचा बोळा होईल. ही मलमल आधी धुतलेली हवी. मग गोधडी जशी पुढे धुतली जाणार आहे तसंच धुवा आणि तसंच वाळवा.

वाळल्यावर मोजा. २० चे १९ झाले तर ५ टक्के, १९.४ झाले तर ३ टक्के. तिघांमधला फरक २ टक्क्यांच्या आत असेल तर मी काहीही न धुता शिवते. अस्तर जास्त आटलं तर अस्तर धुते. ते मशीनमध्ये, गरम पाण्यात, निदान दोनदा, कारण कोरं कापड एका धुण्यात पूर्ण आटत नाही. बॅटिंग जास्त आटलं आणि वरचं कापड धुवट असलं, तरच बॅटिंग भिजवते.

लाल, निळं, काळं कापड असेल तर याच वेळी त्याचा रंग तपासा. ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून वरून इस्त्री दाबा. रुमालावर रंग उतरला तर ते कापड जोडायच्या आधी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलंच पाहिजे, बॅटिंगचं काहीही ठरो. मिठाच्या पाण्यातून काढलं म्हणजे रंग पक्का झाला यावर विसंबू नका.

झालेली गोधडी सावरता येते का

बऱ्याच प्रमाणात येते. वाकलेली गोधडी पुन्हा गार पाण्यात भिजवा, निथळा आणि ओली असतानाच गादीवर पसरून मध्यातून कडेकडे तळव्यांनी दाबत ताणत जा. कडा टाचण्यांनी गादीला टोचून ठेवा आणि पंख्याखाली वाळू द्या. एखादा इंच परत मिळतो, कडा सपाट होतात. पुढच्या धुण्यानंतर पुन्हा हेच करावं लागेल.

फुगवटे जास्त असतील तर उसवायला बसू नका. दोन ओळींच्या मधोमध आणखी एक धावदोरा घाला, मग त्यांच्याही मधोमध एक. एका मोठ्या फुगवट्याचं कापड चार लहान ओळींमध्ये वाटलं जातं आणि फुगवटा दिसेनासा होतो. भाचीचं दुपटं सुट्टीत घरी आलं तेव्हा मी असंच केलं, पूर्वी चार बोटांवर ओळी होत्या त्या एका बोटावर आणल्या. ओळ मध्यापासून सुरू करून कडेकडे न्या. फुगलेलं कापड सुईच्या पुढे ढकलत नेऊ नका, डाव्या हाताने प्रत्येक टाक्याला थोडं थोडं आत घ्या. कोपऱ्यापाशी थोडं जास्तीचं उरतं, तिथे गोट दोन इंच उसवा, एक बारीक चुणी कोपऱ्यात दडवा आणि पुन्हा बंद करा.